अजिंठा-वेरूळ : दहा जणांच्या गटाबरोबर जावं की आपलं आपण?

शेवंती :

नमस्कार मंडळी. आम्ही डोंबिवलीचे. डिसेंबरात अजिंठा-वेरूळ करायचं चाललंय. मी, लेक आणि सासूबाई अशा तिघीच. लेकीची चित्रकलेची इंटरमिजिएट झालीय, ए ग्रेड मिळाली, आणि आता तिला जे. जे. कला महाविद्यालयाची स्वप्नं पडतात. सासूबाई ७२ वर्षांच्या. गुडघे बोलतात, पण उत्साह माझ्यापेक्षा जास्त.

एका सहल कंपनीची जाहिरात आली आहे. 'छोटा गट, फक्त दहा जण, सोबत तज्ज्ञ मार्गदर्शक.' माणशी १८,००० रुपये, डोंबिवली ते डोंबिवली. कार्यक्रम असा : शनिवारी रात्री निघायचं. रविवारी वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद, बीबी का मकबरा. सोमवारी अजिंठा आणि खरेदी. मंगळवारी सकाळी घरी.

तिघींचे चोपन्न हजार होतात. तेवढ्यात आपलं आपण गेलं तर आरामात होईल असं नवऱ्याचं म्हणणं (तो येत नाहीये, पण मत आहेच). अशा छोट्या गटाबरोबर कोणी गेलंय का? मार्गदर्शकाचा खरंच उपयोग होतो, की पाट्या वाचून भागतं?

खानदेशी :

ताई, सोमवारी अजिंठा बंद असतं. वेरूळ मंगळवारी बंद. तुमच्या तज्ज्ञांना एवढंही ठाऊक नसेल तर पुढचं काय बोलायचं?

माझं ऐका. मुंबईहून रात्रीची गाडी धरा, पहाटे जळगावला उतरा. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर, संभाजीनगरहून शंभर. फर्दापूरच्या टी पॉइंटला आपली गाडी ठेवावी लागते, तिथून पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने. दारात सरकारमान्य गाइड मिळतात, ओळखपत्र बघून घ्या. आणि परत जाताना जळगावात भरीत-पुरी खाल्ल्याशिवाय गेलात तर सहल फुकट.

निवृत्त_ड्रॉइंगमास्तर :

खानदेशीरावांनी सोमवार पकडला, ते बरं झालं. भरताबद्दलही दुमत नाही. बाकी मात्र थोडं लांबण लावतो, कारण मी अजिंठा दोन्ही तऱ्हांनी पाहिलंय.

पहिल्यांदा गेलो तो १९९४ साली, शाळेची सहल घेऊन. पन्नास पोरं, तीन मास्तर, एक लाल डबा. सगळी लेणी आम्ही दीड तासात 'केली'. एका लेण्यातून बाहेर यायचं, डोकी मोजायची, पुढच्यात शिरायचं. मी वर्गात पंधरा वर्षं पद्मपाणीचं, म्हणजे एक नंबरातल्या त्या कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाचं, चित्र फळ्यावर काढत आलो होतो, आणि प्रत्यक्ष त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा एका पोराची चप्पल हरवली होती. पद्मपाणी मी पाहिला नाही, चप्पल शोधली. पोरांना काय लक्षात राहिलं? माकडं.

दुसऱ्यांदा २०१९ साली गेलो. निवृत्त झालो होतो, बायको म्हणाली आता तरी बघा. नऊ जणांचा गट, आणि बरोबर पुण्यात पुरातत्त्व शिकलेली एक तिशीची मुलगी. पहिल्या पाच मिनिटांत तिने आम्हाला नाराज केलं. म्हणाली, तीस लेणी आहेत, आपण सात बघणार. आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, पैसे तिसांचे दिलेत. ती नुसती हसली.

तिने सुरुवात एक नंबरापासून केलीच नाही. सकाळी पहिल्या बसने नेलं आणि गर्दी एक नंबरात घुसत असताना आम्हाला सरळ दहा नंबरात घेऊन गेली. हे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं लेणं, इसवी सनापूर्वीचं, अजिंठ्याच्या सगळ्यात जुन्या लेण्यांतलं. खांबांवरची चित्रं नंतरची, पण भिंतीवर जे उरलंय ते दोन हजार वर्षांपूर्वीचं. तिथे तिने षड्दंत हत्तीची गोष्ट सांगितली. सहा सुळ्यांचा हत्ती, मागच्या जन्मी त्याच्यावर रुसलेली त्याची बायको या जन्मी राणी झालेली, तिने सुळे आणायला धाडलेला शिकारी, आणि ते सुळे हत्ती आपणहून देतो. चित्र फार खराब झालंय. आम्ही माना डोलावल्या, खरं सांगायचं तर निम्म्यांना काही दिसलं नव्हतं.

मग तिने सतरा नंबरात नेलं आणि काही न बोलता एका भिंतीपाशी उभं केलं. दोन मिनिटांनी माझी बायकोच म्हणाली, "अहो, हा तोच हत्ती!" तोच. पण मध्ये पाचशे वर्षं गेलेली. दहा नंबर सातवाहनांच्या काळातलं, सतरा नंबर वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळचं, पाचव्या शतकातलं. पहिल्या चित्रात सगळं एका लांब पट्टीत, ओळीने चालल्यासारखं. दुसऱ्यात रान दाटलंय आणि माणसं एकमेकांच्या मागेपुढे उभी आहेत. आयुष्यभर मी पोरांना 'ओव्हरलॅपिंग' शिकवलं. ते माणसाला सुचायला किती वेळ लागला असेल, हे त्या भिंतीपाशी कळलं. पाटीवर हे लिहिलेलं नाही. एकट्याने गेलो असतो तर दोन लेण्यांमध्ये सहा लेणी अजून बघितली असती आणि हत्ती हरवला असता.

तर ताई, दहा जण की चाळीस, हा प्रश्न अर्धाच आहे. दहा जणांना घेऊनही माणूस पळवतो. पैसे भरण्याआधी त्यांना फोन करून एवढंच विचारा : सतरा नंबरात किती वेळ थांबणार?

कारण डोळ्यांचं आहे. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की पहिली पाच-सात मिनिटं सगळं तपकिरी दिसतं. आत दिवे मंद ठेवलेत आणि ते बरोबरच आहे. डोळा सरावला की आधी पांढरा उमटतो, मग हिरवा, आणि सगळ्यात शेवटी त्या काळ्यासावळ्या अंगांची गोलाई. बहुतेक लोक पाचव्या मिनिटाला "एवढंच?" म्हणून बाहेर पडतात, म्हणजे नेमके दिसायला लागायच्या आधी.

पिवळेपणाचंही ऐकून ठेवा, लेकीला उपयोगी पडेल. अजिंठा निजामाच्या राज्यात होतं. १९२०च्या सुमारास त्यांनी इटलीहून दोन जाणकार आणवले. पोपडे सुटत होते ते त्यांनी जागच्या जागी बसवले, हे उपकारच. पण वरून लाखेचं व्हार्निश दिलं, आणि ते वर्षानुवर्षं पिवळं-तपकिरी पडत गेलं. पुरातत्त्व खात्याने नंतर बरंच काढलंय, तरी आज जो जुनाट पिवळा रंग बघून आपण 'वा, काय प्राचीन' म्हणतो त्यातला काही भाग त्या लाखेचा.

मूळ रंग अगदी साधे. गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी, चुन्याचा पांढरा. फक्त निळा महाग, तो अफगाणिस्तानातल्या दगडाचा. भिंतीला मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंगकाम. म्हणून याला युरोपातल्यासारखं 'फ्रेस्को' म्हणू नये. तिथे गिलावा ओला असताना रंग भरतात. परीक्षेत पोरं हमखास चुकायची आणि मी हमखास अर्धा मार्क कापायचो.

एक नंबरात गाइड लोक एक गंमत दाखवतात. गाभाऱ्यातल्या बुद्धावर एका बाजूने उजेड टाकला की चेहरा हसरा, दुसऱ्या बाजूने उदास, समोरून ध्यानस्थ. लोक टाळ्या वाजवतात. आमच्या गटाच्या त्या पुरातत्त्ववाल्या मुलीनेही दाखवलं, पण मग म्हणाली, आता दोन मिनिटं उजेड न टाकता बघू. तो चेहरा माझ्या जास्त लक्षात आहे.

वेरूळचं थोडक्यात. कैलास पश्चिमेला तोंड करून आहे, दुपारनंतर ऊन चांगलं पडतं. सकाळी जैन लेणी (३० ते ३४) किंवा दहा नंबरचं विश्वकर्मा उरका आणि कैलासला तीननंतर या. आपल्याकडे पाया आधी, कळस शेवटी. इथे राष्ट्रकूट कृष्णराजाच्या कारागिरांनी डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलं, म्हणजे कळस आधी. एक टवका चुकीचा उडाला तर परत लावायची सोय नाही. वेरूळबरोबर दौलताबाद आणि मकबरा एका दिवसात उरकणारे लोक मला भेटले आहेत. संध्याकाळी त्यांना कुठलं काय ते सांगता येत नव्हतं.

लेकीला एक सांगा. १८७२पासून पुढे बारा-तेरा वर्षं जे. जे.चे विद्यार्थी त्यांच्या ग्रिफिथ्स मास्तरांबरोबर इथे येऊन भिंतींच्या नकला करत होते. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. पुढे १८८५ साली लंडनला आग लागली आणि त्यांतल्या पुष्कळ नकला जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने केलेल्या नकलाही तिकडेच १८६६च्या आगीत गेल्या होत्या. म्हणून म्हणतो, फोटोवर भागवू नका, स्केचबुक न्या. फ्लॅश तर चालतच नाही.

कुंदा_नाशिक :

मास्तरांनी लेणी सांगितली, मी गुडघे सांगते. गेल्या वर्षी आईला (वय ७५) नेलं होतं. अजिंठ्याला तिकीट खिडकीपासून वर चढायला पायऱ्या आहेत, त्याच दमवतात. पुढे लेण्यांसमोरून वाट आहे पण वरखाली पायऱ्या लागतातच. खाली डोलीवाले असतात, खुर्ची आणि चार माणसं. भाव आधी ठरवा, आणि कुठपर्यंत नेणार तेही ठरवा. आमची डोली सोळा नंबरापाशी थांबली आणि पुढे नव्याने बोलणी सुरू! तुम्ही सव्वीस नंबरापर्यंतचं बोला. तिथे निजलेला बुद्ध आहे, महापरिनिर्वाणाचा, सात मीटर लांब. खाली शोक करणारे शिष्य, वर आनंदलेले देव. माझी आई त्याच्या पायाशी बराच वेळ बसून होती. नंतर म्हणाली, "झोपलाय किती शांत, उशीला खळगा पडलाय बघ." उशी दगडाची आहे, हे तिला सांगावंसं वाटलं नाही.

चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं काढावी लागतात. दगड डिसेंबरात गार, उन्हाळ्यात तापलेला. जाड मोजे ठेवा.

शेवंती :

सगळ्यांचे खूप आभार! मास्तर, तुमचा प्रश्न आज विचारला. आधी सोमवारचं विचारलं, तर म्हणाले, "हो का? मग आदलाबदल करू मॅडम." मग सतरा नंबराचं विचारलं. पलीकडे जरा शांतता. मग, "सगळी लेणी मिळून दोन तास देतो ना आपण. नंतर हिमरू आणि पैठणीचं दुकान आहे, तिथे लेडीजना पुरेसा वेळ दिलाय." किती, विचारलं. दीड तास.

नाही भरले पैसे. खानदेशी म्हणतात तसं जळगावमार्गे जातोय. शुक्रवारी अजिंठा, शनिवारी तिकडे मुक्काम हलवून दुपारी वेरूळ, रविवारी उरलेलं वेरूळ. गाइड अजिंठ्याला पूर्ण दिवसासाठी घेणार. मास्तर, त्याला काय सांगू म्हणजे तो पळवणार नाही?

निवृत्त_ड्रॉइंगमास्तर :

आधीच सांगा, की आम्हाला १, २, ९, १०, १६, १७, १९ आणि २६ एवढीच बघायची आहेत, आणि दहानंतर सतरा. सुरुवातीला तो खट्टू होईल. षड्दंताचं नाव काढा, जाणता असेल तर खुलेल. नसेल खुलला तर दुसरा बघा. आणि दहा नंबरात त्याला जॉन स्मिथची सही दाखवायला लावा. २८ एप्रिल १८१९ला वाघाच्या शिकारीला आलेल्या त्या गोऱ्या साहेबाने खांबावर स्वतःचं नाव कोरलं. आज ते आपल्या डोक्याच्या वर दिसतं, कारण तेव्हा लेणं मातीने भरलेलं होतं आणि साहेब त्या ढिगावर उभा होता.

लेकीला पेन्सिल न्यायला सांगा, पेन नको.

शेवंती :

नक्की. सासूबाईंनी धागा वाचला. त्यांचं म्हणणं, डोली सव्वीस नंबरापर्यंतच बोलायची, पण पैठणीच्या दुकानाचं जे दीड तासाचं होतं ते इतक्या लवकर रद्द करायला नको होतं.

खानदेशी :

आजींना सांगा, येवला वाटेवर नाही, पण फार लांबही नाही.