मालदीववरचा धूर चुलीचा की डिझेलचा?

पाणकावळा: थंडीत वारा आपल्याकडून समुद्रात जातो, म्हणून आपला धूर मालदीवपर्यंत पोचतो. २००९ साली छापलेल्या अभ्यासात गुस्ताफसन या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी मालदीवमधलं हनीमाधू बेट आणि आपला सिंहगड, दोन्हीकडच्या हवेतले कण कार्बन-१४ने, म्हणजे काळाबरोबर नाहीशा होत जाणाऱ्या कार्बनने, तपासले. डिझेल-दगडी कोळशात तो उरलेला नसतो, लाकडात-शेणात असतो. निकाल काय, तर कार्बनी कणांपैकी दोन-तृतीयांश लाकूड-गोवऱ्या-पालापाचोळा जाळल्याचे. गाडीवाल्यांच्या नावाने बोटं मोडणं पुरे, आधी चुली विझवा.

सड्यावरची: यात चूल कुठून आली? कार्बन-१४ म्हणतो कार्बन ताजा आहे, बस. आमच्याकडे उन्हाळ्यात भाताच्या रोपांच्या जागेवर राब भाजतात. शेण, कवळं (तोडलेल्या फांद्या), पातेरा, वर मातीचा थर. पेटला की संध्याकाळपर्यंत समोरचा डोंगर दिसत नाही. तो धूर कोणाच्या स्वयंपाकघराच्या खात्यावर मांडणार? आणि झाडं जे वायू सोडतात त्यांचेही हवेत कण होतात. तेसुद्धा ताजेच.

पाणकावळा: पण धुरात लेव्होग्लुकोसान नावाचा साखरेसारखा पदार्थ असतो, तो झाडं सोडत नाहीत. ते लाकडा-पानातलं सेल्युलोज जळल्यावरच होतं.

खाजणवाट: होतं, पण टिकत नाही. हवेतले हायड्रॉक्सिल रेणू ते वाटेतच खातात, त्यामुळे बेटावर किती सापडलं यावरून इकडे किती जळलं हे काढता येत नाही. शिवाय समुद्र स्वतः काय कमी आहे? लाट फुटली की फेसातला प्रत्येक बुडबुडा पाण्यावरचा सेंद्रिय मळ उडवतो. (सेंद्रिय म्हणजे बाजारातली महाग भाजी नव्हे.)

पाणकावळा: काजळी तर समुद्र करत नाही ना?

खाजणवाट: नाही. पण काजळी कशाला म्हणायचं यावरच त्याच अभ्यासात आकडा हलतो. एका पद्धतीने वेगळी काढली तर जैव वाटा निम्मा, दुसरीने दोन-तृतीयांश.

सड्यावरची: म्हणजे पहिल्या पद्धतीत उरलेली निम्मी तुमच्या लाडक्या गाडीवाल्यांची! आणि ‘चुली विझवा’ म्हणणारे सिलिंडर भरून देणार आहेत का?

पाणकावळा: माझी आई चाळीस वर्षं फुंकणी फुंकत होती. घराचे वासे अजून हात लावला की काळे होतात. तिचा खोकला ऐकलाय, म्हणून चूल म्हणतो.

सड्यावरची: मग तसं सरळ म्हणा ना, मी पण तुमच्याच बाजूने बोलेन. मालदीव कशाला मध्ये आणलंत?