मदत हवी आहे: फोनवरून बाजारभाव सांगणाऱ्या संवादप्रणालीने खातरजमा कधी करावी?

नमस्कार मंडळी,

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील शेतकऱ्यांना साध्या फोनवर बोलून शेतमालाचे भाव विचारता यावेत, अशी सेवा आम्ही काही मित्र मिळून तयार करत आहोत. माल, बाजारपेठ आणि दिवस कळला की भाव शोधणे सोपे आहे. घोडे अडते ते ऐकण्यापाशी.

आमच्याकडचा माणूस मराठीत वाक्य सुरू करतो आणि मालाचे नाव सहज कानडीत घेतो. बटाटा म्हणजे आलूगड्डी आणि कांदा म्हणजे उळ्ळागड्डी. फोनवर आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोहोचतो, त्यात शेजारी ट्रॅक्टर चालू असला की दोन्ही शब्दांतले नुसते ‘गड्डी’ उरते. दोन्ही शब्द प्रणालीच्या शब्दकोशात घालूनही ती दोन्ही पर्यायांना खात्रीचे जवळजवळ सारखेच गुण देते.

प्रत्येक गोष्ट ‘कांदा म्हणालात का?’ असे विचारून पक्की करावी, हा एक मार्ग. पिट्सबर्गच्या बसची माहिती देणाऱ्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लेट्स गो’ या फोनवरच्या संवादप्रणालीने तो बराचसा अवलंबला होता. पण तीन वेळा ‘होय’ म्हणायला लावले की आमची वडीलधारी मंडळी फोन ठेवतात, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. म्हणून सध्या उत्तरातच मालाचे नाव घेतो:

‘निपाणीत आज उळ्ळागड्डी काय भाव?’
‘निपाणी बाजारात आज बटाट्याचा भाव…’
‘न्हाई हो, कांदा!’

यापुढे गाडी रुळावरून घसरते. प्रणाली ‘कांदा’ हा नवा प्रश्न समजते, निपाणी विसरते आणि ‘कोणती बाजारपेठ?’ असे पहिल्यापासून विचारू लागते.

जाणकारांना माझे प्रश्न असे: नकारासोबत आलेला शब्द ही आधीच्या प्रश्नाची दुरुस्ती मानून बाजारपेठ आणि दिवस तसेच ठेवावेत, हा नियम हाताने लिहावा, की नोंदवलेल्या संभाषणांवरून शिकवावा? पहिल्या दोन पर्यायांच्या गुणांत फारच थोडा फरक असेल तेवढ्यापुरतेच ‘कांदा की बटाटा?’ असे थेट विचारावे काय, आणि किती फरकाला विचारायचे तो उंबरठा मालागणिक वेगळा ठेवणे कितपत व्यवहार्य आहे? शिवाय, प्रणाली उत्तर देत असताना शेतकरी मध्येच बोलू लागला तर प्रणालीच्याच आवाजाचा प्रतिध्वनी ‘बटाटा’ म्हणून परत ऐकला जातो. तो गाळण्याचा, साध्या फोनवाहिनीवर चालणारा उपाय कोणी वापरला असल्यास कृपया तपशिलाने लिहावे.