सायकल शर्यतीत घाटाच्या स्टेजला (एका दिवसाच्या टप्प्याला) चांगले रायडर सकाळीच पुढे का पाठवतात?

पेडलवाला:
मंडळी, बेसिक प्रश्न आहे, हसू नका. सपाट रस्त्यावर टीम कशाला लागते ते कळतं, पुढचा वारा अंगावर घेतो आणि मागचे त्याच्या चाकाला चिकटून जातात. पण ९-१० टक्क्यांच्या चढावर स्पीडच इतका पडतो की वाऱ्याचा काय फरक पडणार, तिथे ज्याच्या पायात दम तो पुढे. मग मोठ्या टीम एकदोन तगडे रायडर सुरुवातीलाच ब्रेकअवेत (मुख्य गटाच्या पुढे निसटलेल्या छोट्या गटात) का घालवतात, आणि उरलेले पुढे राहून मरमर पेस काढतात नि एकेक करून गळतात ते कशासाठी? सगळ्यांना शेवटपर्यंत लीडरजवळ, म्हणजे टीमला ज्याला जिंकवायचंय त्याच्याजवळ, ठेवलं तर काय बिघडतं?

उतारवेडा:
चढाबद्दल तुझं बऱ्यापैकी बरोबर आहे, खड्या चढावर मागे बसून फार काही वाचत नाही. पण स्टेज म्हणजे नुसता चढ नसतो ना. माथा आला की उतार, उताराखाली दरी, आणि दरीत परत ४०-५० चा स्पीड, तिथे एकटा सापडलेला माणूस संपला. ब्रेकअवेतला माणूस त्या दरीसाठी ठेवलेला असतो.
२०२५ च्या जिरोची (इटलीतली तीन आठवड्यांची शर्यत) २०वी स्टेज बघ. सकाळी डेल टोरो गुलाबी जर्सीत (एकूण वेळेत पहिला असलेल्याची जर्सी), कारापाझ ४३ सेकंद मागे, सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंद मागे. येट्स फिनेस्त्रेच्या घाटात सुटला, साडेअठरा किलोमीटरचा चढ आणि वरचा भाग कच्चा रस्ता. त्याच्या विस्मा टीमचा फान आर्ट आधीपासून ब्रेकमध्ये होता, तो माथा ओलांडून पुढे येट्ससाठी थांबला आणि मग दरीतून त्याला सेस्त्रिएरेच्या चढापर्यंत असा ओढत नेला की गॅप वाढतच गेला. येट्सने जिरो ३ मिनिटं ५६ सेकंदांनी जिंकला, म्हणजे एका दुपारीत पाच मिनिटांपेक्षा जास्त फिरवले.
आणि फान आर्टच का? तो काही हलकाफुलका डोंगरी रायडर नाही, लीडर पेटला की त्या चढावर बरोबर राहूच शकत नाही. म्हणून त्याला काही मिनिटं आधी सोडायचं, म्हणजे तो आपल्या गतीने चढतो आणि माथ्यावर लीडरच्या थोडा पुढे असतो. तुझ्या म्हणण्याप्रमाणे जवळ ठेवला असता तर पायथ्यापासून दोनतीन किलोमीटरमध्येच सुटला असता आणि दरीत येट्स एकटा.

तिसरा गिअर:
विस्माचं जरा जास्तच कौतुक होतं बुवा या स्टेजवरून. येट्स सुटल्यावर डेल टोरो आणि कारापाझ एकमेकांकडे बघत बसले हे का नाही सांगत? डेल टोरोचा हिशोब असा की मी ओढलं तर कारापाझ फुकट मागे बसणार आणि शेवटच्या चढावर मलाच मारणार. कारापाझचा हिशोब असा की जर्सी तुझी, सांभाळायची तू. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि दोघंही हरले. दोघांनी मिळून घाटातच जोर लावला असता तर फान आर्ट काय करणार होता?

उतारवेडा:
मान्य, पण ते बघत बसले त्यालाही कारण आहेच की. पुढे फान आर्ट थांबलाय हे टीमच्या गाडीतून रेडिओवर दोघांनाही कळणार. दरीत समोर दोन जण असणार आणि त्यातला एक फान आर्ट, हे माहीत असल्यावर आपली ताकद आधी कोण जाळणार? पुढे असलेला माणूस पेडल मारायच्या आधीच काम करतो ते असं.

शिखरवारा:
मूळ प्रश्नातला पेस काढायचा भाग राहिलाच. पुढचे चार जण एकसारखा जोराचा पेस ठेवतात तेव्हा अटॅक करणाऱ्याला त्याहून जोरात जावं लागतं आणि ते फार वेळ टिकत नाही, पाचशे मीटरवर तो परत गटात येतो. स्काय टीमने २०१२ पासून याच जोरावर टूर (टूर द फ्रान्स) खाल्ली, २०१९ पर्यंतच्या आठपैकी सात (शेवटची इनिऑस नावाने), मधली २०१४ ची तेवढी निबालीला गेली. बघायला कंटाळवाणं, पण चालायचं.
आणि ते मोडायला लागतात दोन लीडर. २०२२ ची टूर, ग्रानोंच्या चढावर संपणारी स्टेज, त्याआधी गालिबिएच्या घाटात एकाच टीमचे रोग्लिच आणि विंगेगार्ड आलटून पालटून अटॅक करतायत आणि आघाडीवरचा पोगाचार प्रत्येक वेळी स्वतः उठून जातोय. एकाला सोडला तरी धोका, दुसऱ्याला सोडला तरी धोका. शेवटी ग्रानोंवर तो फुटला आणि विंगेगार्डला जवळपास तीन मिनिटं देऊन बसला. पोगाचारसारखा पोगाचार!

पेडलवाला:
ओके, आता डोक्यात शिरतंय. पण ब्रेकमधल्या माणसाला स्वतःला स्टेज जिंकायची असेल तर? आणि लीडरने आपल्या माणसासाठी थांबायचं की माणसाने लीडरसाठी?

उतारवेडा:
स्टेजवर पाणी सोडायचं, पगार त्याचाच. त्या दिवशी स्टेज ब्रेकमधल्याच ख्रिस हार्परने मारली, फान आर्टचं लक्ष मागे येणाऱ्या येट्सवर. अवघड असतो तो गॅप. ब्रेक फार पुढे गेला तर त्याला नुसतं उभं राहायची वेळ येते, कमी असला तर माथ्याआधीच मागचे त्याला गिळतात.

तिसरा गिअर:
लीडरने थांबायचं झालं तर २०१८ चा जिरो बघ, तोच फिनेस्त्रे. स्कायचा लीडर फ्रूम फिनिशच्या ८० किलोमीटर आधी एकटा सुटला. मागे त्याचे प्रतिस्पर्धी ड्युमुलाँ आणि पिनो होते, ते पिनोच्या टीमच्या रायशनबाखसाठी थांबले, की दरीत ओढायला एक माणूस वाढेल. फ्रूम एकटाच होता तरी सापडला नाही, स्टेज तीन मिनिटांनी मारली आणि दोन दिवसांनी जिरो ४६ सेकंदांनी. त्या मागच्या ग्रुपमध्ये अजून दोघं होते जे ओढायला तयार नव्हते, कारण त्यांची आपसात पांढऱ्या जर्सीची (तरुण रायडरांमधल्या पहिल्याची) मारामारी चालू होती. एक लोपेझ. दुसरा कोण? कारापाझ 😄