वाघोटण खाडीत होडीचा शाफ्ट काढायचा आहे, कुठे आणि कोणत्या तिथीला टेकवू?

मंडळी, नमस्कार.

मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. विजयदुर्गात माझी २२ फुटी जुनी फायबरची होडी असते, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आत बसवलेलं. सुट्टी मिळाली की गगनबावड्यावरून घाट उतरायचा, भरतीबरोबर खारेपाटणच्या दिशेने वर जायचं आणि ओहोटी लागली की तिच्याबरोबर परत. खुल्या समुद्रात कधी नेत नाही. लोखंडाचं काम कळतं, पाण्याचं अजून शिकतोय.

गेल्या खेपेला परतताना तळात घोटाभर पाणी दिसलं. ग्लँडमधून (पंख्याचा शाफ्ट तळातून बाहेर जातो तिथला, दोरी भरून पाणी अडवणारा सांधा) थेंब थेंब गळायचं ते धारच लागली होती. नट आवळला तर धार थांबली, पण दहा मिनिटांत ग्लँडला हात लावता येईना. शेवटी नट सैल केला आणि डब्याने उपसत उपसत धक्का गाठला. दुसऱ्या दिवशी ग्रॅफाइटची नवी दोरी भरली, तीन वेढे, प्रत्येकाचा सांधा वेगळ्या बाजूला. काही फरक नाही. दोरी काढून शाफ्टवरून नख फिरवलं तेव्हा कळलं: चर पडलाय, अर्धा मिलिमीटर तरी, आणि त्यात टाचणीने टोचल्यासारखे खड्डे. शाफ्ट ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा आहे.

शाफ्टला मागच्या टोकाला आधार देणारा बुश मी दोन वर्षांपूर्वी पितळेत केला होता, तीच माझी चूक. ओहोटीला पाहिला तर पिवळा रंग जाऊन तांबूस झालेला, स्क्रू ड्रायव्हरने टोकरलं तर भुगा सुटला. खाऱ्या पाण्याने जस्त खाल्लं, राहिलं ते पोकळ तांबं.

शाफ्ट ३१६ मध्ये नवाच करणार, वेल्डिंग भरून टर्निंग करण्यावर विश्वास नाही. बुश गनमेटलचा (तांबं-कथलाचा मिश्रधातू) हवा तसा ओतून मिळेल. पण खाडीच्या गाळात गनमेटल टिकतं, की खाचांचा रबरी बुश घालू, म्हणजे रेती धुऊन जाईल? ज्यांनी दोन्ही वापरलेत त्यांनी जरूर सांगा.

खरी अडचण होडी टेकवायची, म्हणजे ओहोटीला कोरड्या तळावर बसवायची. ऐन पौर्णिमेच्या उधाणाला वर चढवली आणि काम लांबलं, तर पुढच्या भरत्या लहान होत जाणार आणि होडी पंधरा दिवस तिथेच अडकणार. म्हणून द्वादशीला टेकवायचा विचार आहे, पाणी रोज चढत असताना. तिथीच्या पाऊणपटीने (बारा गुणिले पाऊण) भरती सकाळी नऊच्या सुमारास, म्हणजे दुपारी तीनच्या आगेमागे चारेक तास मिळतील. तेवढ्यात शाफ्ट काढून नळीत सागवानी खुंटी ठोकायची आणि नवा शाफ्ट घेऊन दोन दिवसांत परत यायचं. सुकाणू न उतरवता शाफ्ट मागे निघतो का? गिर्ये-रामेश्वरच्या बाजूला, जिथे मराठा आरमाराची खडकात कोरलेली गोदी आहे, तिथे जवळपास खडपं नसलेला घट्ट तळ कुठे मिळेल? चिखलात रुतली तर चार तासही हाती लागणार नाहीत.

कपलिंगची (शाफ्ट इंजिनला जोडतो तो सांधा) अलाइनमेंट मात्र होडी पुन्हा तरंगल्यावरच तपासणार, जमिनीवर तळ वेगळा बसतो.

पावसाआधी हे उरकायचंय. सध्या एक पोरगा सकाळ-संध्याकाळ पाणी उपसतोय. चराचा फोटो टाकतोय, शेजारी रुपयाचं नाणं ठेवलंय.