तर्री कोणती देऊ? ठेल्यावरचे अनुभव लिहा

आमच्या एसटी स्टँडबाहेर तर्रीपोह्यांचा एक ठेला आहे. पोहे आणि हरभऱ्याची तर्री वेगवेगळ्या पातेल्यांत, हे आपल्याकडं विदर्भात सगळीकडंच. या भाऊंकडं मात्र तर्रीची पातेली दोन. दुसऱ्यातली तर्री कमी तिखटाची, वर तवंग नसलेली. आईला पित्ताचा त्रास आहे. ती काही बोलायच्या आतच भाऊ म्हणाले, "माय, तुमाले इकडची देतो." घरी येईपर्यंत आई तेच सांगत होती. आपल्या भागातल्या ठेल्यांवर असं कुणी तुमचा विचार आधीच करून ठेवलेला दिसला का? लिहा.

*

मी राळेगावकडची. दिवाळीच्या आगंमागं कापूस वेचाले आमी बाया सहा वाजताच ऑटोनं निघतो. फाट्यावर एक ताई आलूबोंड्याची गाडी लावते. ती रातीच ऑटोवाल्याले फोन करून इचारते, उद्या किती जणी? सकाळी सगळं बांधून तयार. रस्सा पन्नीत नाही, डब्यात. डबा संध्याकाळी परत द्याचा. पैसे बाजाराच्या दिवशी, मजुरीचा चुकारा झाल्यावर. आमच्यातल्या काहीजणींले वाचता येत नाही, म्हणून वहीत एका प्लेटीची एक रेघ, अन् वही सगळ्यांसमोर उघडी. मी कितीकदा मोजून पाह्यली, एक रेघ इकडची तिकडं नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गाडीमागं तिचं घर आहे अन् घरचा संडास आमच्यासाठी उघडा असते. वावरात बाईमाणसाचे दिवसभर काय हाल होतात, ते तिले ठाऊक आहे. कोणी न सांगता केलं तिनं हे.

*

माझा अनुभव आधी उलटा होता. लहानपणी बाबांबरोबर बाजाराला गेलो होतो. खिशात पैसे कमी, म्हणून बाबांनी अर्धी प्लेट समोसा-तर्री मागितली. ठेलेवाला चार लोकांत मोठ्यानं बोलला. बाबा काही न खाता मला घेऊन निघाले. त्यांचा तो चेहरा अजून विसरलो नाही. आता दारव्ह्याकडं जाताना एका ठेल्याच्या पाटीवर 'अर्धी प्लेट' असं भावासकट रंगवलेलं आहे, पूर्ण प्लेटीच्या अक्षरांएवढंच मोठं. आणि ताटली दोन्हीला सारखीच. कुणी काय घेतलं ते शेजारच्याला कळतसुद्धा नाही. मी तिथं थांबल्याशिवाय पुढं जात नाही.

*

शेगाव स्टेशन. खिडकीतून कचोरी घेतली, तर तळलेली मिरची वेगळ्या कागदात बांधलेली आणि सुटे पैसे आधीच हातात काढून ठेवलेले. गाडी सुटायच्या घाईत एवढं पुरे.

*

वणीजवळ खाणीत होतो. रातपाळी सुटली की अंगभर कोळसा, बाकावर बसायला संकोच वाटायचा. चहा-भजेवाल्या काकांनी एक दिवस बाकाला रेक्झिन ठोकलं, शेजारी बादली अन् साबण ठेवला. म्हणाले, "आता पुसलं की झालं. बसा आरामात." त्याआधी वर्षभर आम्ही उभ्यानंच चहा प्यायचो.

*

मे महिन्यात आमच्याकडं पारा 45 च्या वर जातो. गावातल्या उसळवाल्या मावशींची हातगाडी कडुलिंबाखाली असते. सावली सरकली की त्या गाडी फिरवतात. बाक सावलीत राहतो, त्यांची पाठ उन्हात. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही तरी इकडं या." त्या म्हणाल्या, "मले शेगडीची सवय आहे बाप्पा, तू खाय."