क्वीन्सटाउनहून मिलफर्ड साउंड: एका दिवसात गाडीने जाऊन यावे का?

ठाणेकर_प्रवासी:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या मध्यास मी, पत्नी आणि सत्तरीतले आई-वडील असे चौघे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर भाड्याच्या गाडीने फिरणार आहोत. क्वीन्सटाउनच्या मुक्कामातून मिलफर्ड साउंड (उभ्या कड्यांमधली समुद्राची खाडी, जी बोटीतून पाहतात) पाहून त्याच दिवशी परतण्याचा विचार आहे. एका बाजूचे अंतर सुमारे २९० किलोमीटर असून नकाशा चार तास दाखवतो. तिकडेही गाडी डावीकडूनच चालवायची असल्याने त्याची धास्ती नाही. परंतु हा बेत ज्येष्ठांना झेपेल का आणि वाटेत कुठे थांबावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दक्षिणवारा:
नकाशावरच्या चार तासांत थांबणे धरलेले नसते, आणि या रस्त्यावर न थांबता जाणे म्हणजे देवळात जाऊन नुसती प्रदक्षिणा घालून परतणे. माझ्या मते आदल्या रात्रीचा मुक्काम वाटेवरच्या ‘ते अनाऊ’ (Te Anau) या गावी करावा. तेथून मिलफर्ड सुमारे १२० किलोमीटर राहते आणि पाहण्यासारखा रस्ता खरा तेथूनच सुरू होतो. एग्लिंटन खोऱ्यात दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधे सपाट, सोनेरी गवताचे मैदान आहे. पुढच्या मिरर लेक्सपर्यंतची फळ्यांची वाट छोटी असल्यामुळे आई-वडिलांना सहज जमेल, मात्र डोंगरांचे प्रतिबिंब हवे असेल तर वारा सुटण्यापूर्वी, म्हणजे सकाळी लवकर, तेथे पोहोचावे. पुढच्या ‘डिव्हाइड’ या खिंडीतून ‘की समिट’ (Key Summit) या माथ्यावर जाणारी पायवाट सुरेख आहे. पण जाऊन येण्यास तीन तास लागत असल्याने तुमच्या दिवसात ती बसणार नाही.

याच रस्त्यावरच्या होमर बोगद्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. सुमारे सव्वा किलोमीटर लांबीच्या या बोगद्याचे काम १९३५ साली सुरू झाले आणि तो वाहतुकीस खुला झाला १९५४ साली. मधल्या काळात महायुद्धामुळे काम रखडले आणि हिमस्खलनांत कामगारांचे जीवही गेले. आतला रस्ता मिलफर्डच्या दिशेने चांगलाच उतरता आहे. गर्दीच्या काळात सिग्नल लावून एका वेळी एकाच बाजूची वाहने सोडतात, त्यामुळे तोंडाशी बराच वेळ थांबावे लागू शकते. तिथे किआ नावाचे धीट डोंगरी पोपट गाडीच्या रबरावर चोच चालवतात. मौज वाटली तरी त्यांना खायला घालू नये.

पेट्रोलची टाकी ते अनाऊ येथेच पूर्ण भरावी. पुढे वाटेत बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून बोटीची तिकिटे आणि नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

सह्यभटकी:
वरील सल्ल्याशी मी अंशतः असहमत आहे. मुक्काम बदलणे शक्य नसेल, तर क्वीन्सटाउनहून सुटणाऱ्या बसने जावे. जाऊन-येऊन जवळपास ५८० किलोमीटर गाडी एकट्याने चालवायची, मधे दीड-दोन तास बोटीत काढायचे आणि संध्याकाळी थकलेल्या डोळ्यांनी वळणावळणाचा तोच रस्ता पुन्हा उतरायचा, यात चालकाच्या वाट्याला देखावा येतच नाही. डिसेंबरात रात्री नऊनंतरही उजेड असतो, ही सोय आहे खरी. पण उजेड असला म्हणून झोप यायची थांबत नाही.

ठाणेकर_प्रवासी:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. पत्नीकडेही परवाना आहे, तरीही ते अनाऊचा मुक्काम करावा असेच आता वाटते. एकच शंका उरते: त्या दिवशी पाऊस लागला, तर बोटीची फेरी रद्द करावी का?

दक्षिणवारा:
मुळीच करू नये. मिलफर्डला वर्षाकाठी साडेसहा हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे आपल्या आंबोलीच्या तोडीचा, आणि तोही एका ऋतूपुरता नव्हे तर बारमाही. बोवेन (१६२ मीटर) आणि स्टर्लिंग हे दोन मोठे धबधबे कायम वाहतात, पण जोराची सर येऊन गेल्यावर दोन्हीकडच्या कड्यांवरून शेकडो तात्पुरते धबधबे कोसळू लागतात. निरभ्र दिवशी सुमारे १,६९० मीटर उंचीचे ‘मायटर पीक’ हे शिखर पूर्ण दिसते, पावसात ते ढगांत बुडते. त्या बदल्यात मिळणारे दृश्य मला तरी अधिक आवडते. अतिवृष्टीत दरड कोसळून रस्ता बंद होऊ शकतो, म्हणून सकाळी निघण्यापूर्वी त्याची स्थिती तपासावी. दुपारच्या सुमारास बसगाड्यांची गर्दी होते, त्यामुळे बोटीची सकाळची पहिली फेरी घ्यावी. धक्क्याजवळ सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या फार चावतात. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि कीटकरोधक मलम ज्येष्ठांसाठी अवश्य जवळ ठेवावे.