मदत हवी आहे: जुने कमर्शियल वायरलेस सेट दोन मीटर बँडवर (१४४ मेगाहर्ट्झच्या वरचा हॅम बँड) आणायचेत, पण आवाजच येत नाहीये

मंडळी नमस्कार. हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना हातात येऊन फार दिवस झालेले नाहीत त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

एका ठिकाणी गाड्यांमधले जुने वायरलेस सेट काढले, त्यातले दोन माझ्या पदरात पडले. मोटोरोला जीएम३००, दोन्ही एकाच खोक्यात, दिसायला जुळे भाऊ. माईक एकच आहे आणि मागच्या बाजूला १६ पिनांचं सॉकेट दोन्हीकडे रिकामं आहे, त्यात पूर्वी काहीतरी लावलेलं असणार पण ते खोक्यात नाही. पहिल्याला १३.८ व्होल्टचा सप्लाय दिला, डिस्प्लेवर चॅनेल नंबर आला, मी खूश. पण आवाज शून्य. मॉनिटरचं बटण दाबलं तरी साधी खरखर नाही. दुसऱ्याची पण तीच कथा. दोघांचा स्पीकर एकदमच गेला असेल असं काही वाटत नाही, पण मग काय?

दुसरं म्हणजे माझा नवा लॅपटॉप, त्याला यूएसबी-सिरियल केबल, पुढे एका मित्राची आरआयबी (रेडिओ इंटरफेस बॉक्स) पेटी आणि सेट, असं सगळं जोडून प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर चालवायचा प्रयत्न केला, सेट वाचायला सांगितलं की ते गपगार बसतं आणि मग एरर देतं. मला फक्त १४५.५०० मेगाहर्ट्झ सिम्प्लेक्स (थेट सेट-ते-सेट) आणि जवळचा एक रिपीटर (आपला सिग्नल ऐकून पुढे पाठवणारं स्टेशन) एवढंच टाकायचंय. झाकण उघडून आत काही ट्रिमर दिसतायत, ते फिरवून बघू का?

स्क्वेल्चकाका:
ट्रिमरला हात लावू नका!! आधी हे वाचा मग बाकीचं.

स्पीकर गेलेला नाही. या सेटमध्ये आतल्या स्पीकरची वाट मागच्या १६ पिनांच्या सॉकेटातून बाहेर येऊन परत आत जाते. १५ आणि १६ नंबरची पिन एकमेकींना जोडलेली असली तरच आवाज येतो. गाडीत असताना तिथे प्लग असतो आणि त्यात ही जोडणी केलेली असते, सेट काढताना लोक प्लग गाडीतच ठेवतात, आणि मग घेणारा म्हणतो सेट मेलाय. अशा ‘मेलेल्या’ सेटमधले दोन मी मिनिटभरात जिवंत केलेत. पिन नीट मोजून जोडा, १६ नंबरची पिन चुकून जमिनीला टेकवू नका, ऑडिओ आयसीचं आउटपुट आहे ते, ग्राउंडला टेकलं तर खरंच मरेल.

आणि दोन्ही सेटवरचं लेबल वाचून इथे लिहा. मॉडेल नंबर एम ने सुरू होतो, त्यातलं तिसरं अक्षर म्हणजे दुसरा आकडा महत्त्वाचा. ३ असेल तर व्हीएचएफ, म्हणजे दोन मीटरच्या बाजूचा, ४ असेल तर यूएचएफ, म्हणजे चारशे मेगाहर्ट्झच्या वरचा. दिसायला जुळे असणं काही कामाचं नाही.

धागाकर्ता:
काका तुमच्या तोंडात साखर पडो. जुन्या वायरीतली एक बारीक तार सोलून १५ आणि १६ मध्ये खोचली, पॉवर दिली आणि मॉनिटर दाबलं तर अशी खरखर आली की व्हॉल्यूम खाली करेपर्यंत घरातले धावत आले 😀 दोन्ही सेट बोलतायत.

पण लेबल वाचलं आणि थोडा हिरमुसलो. एकावर एम३३ ने सुरू होणारा नंबर आहे, दुसऱ्यावर एम४४. म्हणजे दुसरा यूएचएफ ना? त्याचं व्हीएचएफ करता येईल का?

सोल्डरताई:
नाही येणार, नादी लागू नका. व्हीसीओ (फ्रिक्वेन्सी तयार करणारा ऑसिलेटर), रिसीव्हरचे फिल्टर, पॉवर स्टेज, सगळं त्या बँडसाठी बनवलेलं असतं, ते बदलायचं म्हणजे फक्त डबा आणि स्पीकर आपला राहतो. यूएचएफ सेट ७० सेंटीमीटरच्या हॅम बँडवर (४३० मेगाहर्ट्झच्या आसपास) वापरा. मात्र त्याची रेंज कुठली आहे त्यावर मजा अवलंबून आहे. ४०३ ते ४३३ चा असेल आणि तुमच्या परवान्यात तो भाग असेल तर ४३०-४३३ आरामात मिळेल. ४३८ ते ४७० चा असेल आणि तुमचा बँड ४४० ला संपत असेल तर शेवटचे दोन मेगाहर्ट्झच हाताशी. जर्मनीत रिपीटरचं आउटपुट नेमकं ४३८-४३९ च्या आसपास असतं, म्हणून ऐकायला छान, पण तिथे शिफ्ट (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) ७.६ मेगाहर्ट्झ, म्हणजे बोलायला ४३१ वर जावं लागतं आणि तिथे सेटचा सिंथेसायझर लॉक होईलच, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीवर स्थिर बसेलच असं नाही. लॉक झाला नाही तर सेट ट्रान्समिट करायला नकार देतो आणि नुसता बीप करत बसतो. म्हणून नुसतं ऐकू येतंय यावर खूश होऊ नका, पीटीटी (बोलायचं बटण) दाबून बघा, आणि कृपा करून डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर जिरवणारा रोध) लावून.

४८६_अजून_चालू:
सॉफ्टवेअरचं मी सांगतो. तुमची केबल कदाचित ठीक असेल, नवा लॅपटॉप हेच दुखणं आहे. ते सॉफ्टवेअर डॉसच्या काळातलं, सेटशी बोलताना वेळ मोजायला ते प्रोसेसरच्या वेगावर अवलंबून राहतं. प्रोसेसर फार वेगवान झाला की प्रोग्रॅमला वाटतं वाट बघून झाली, सेट बिचारा अजून उत्तर जुळवत असतो. ४८६ किंवा सुरुवातीच्या पेंटियमचं मशीन शोधा ज्याला खरा ९ पिनांचा सिरियल पोर्ट आहे आणि थेट डॉसमध्ये बूट करा, विंडोजच्या आतल्या खिडकीत नको. काहींचं डॉसबॉक्समध्ये वेग कमी करून वाचून होतं, पण लिहिताना मध्येच अडकलं तर सेटची मेमरी अर्धवट राहते, म्हणून मी लिहायला कधीच ते वापरत नाही.

आणि आरआयबीला वीज देताय ना? हसू नका, त्या पेटीला स्वतःचा सप्लाय किंवा ९ व्होल्टची बॅटरी लागते. कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टचे प्लस-मायनस व्होल्ट आणि सेटच्या ५ व्होल्टच्या बसचं जमवून द्यायचं काम तिचं, बॅटरी उतरली असेल तरी तुम्हाला हीच एरर दिसणार.

सगळ्यात आधी सेट वाचा आणि मूळ कोडप्लग (सेटमधली चॅनेल आणि सेटिंगची माहिती) दोन ठिकाणी सेव्ह करून ठेवा. त्याच्याशिवाय एक अक्षर बदलू नका.

घाईत_आहे:
एवढा उपद्व्याप कशाला, स्वस्तातला चायनीज हँडसेट घ्या, बटणं दाबून फ्रिक्वेन्सी टाका, काम खलास.

सोल्डरताई:
घ्या की, कोण नको म्हणतंय. पण उंच जागी जिथे आजूबाजूला पेजर, टीव्ही, बाकीचे रिपीटर सगळ्यांचा गोंगाट आहे तिथे तो हँडसेट आणि हा सेट एकाच अँटेनावर लावून ऐका. स्वस्त हँडसेटच्या रिसीव्हरमध्ये पुढे फारसे फिल्टर नसतात, जोरदार सिग्नल शेजारी आला की तो बहिरा होतो. हे सेट दिवसभर गाडीत हादरे खात चालायला बनवलेले असतात. गैरसोय एकच, व्हीएफओचं (हवी ती फ्रिक्वेन्सी फिरवून निवडायचं) बटण नाही. चॅनेल टाकले तेवढेच.

स्क्वेल्चकाका:
आजच्या मुलांना सॉफ्टवेअर नडतं, आम्हाला क्रिस्टल नडायचे, फ्रिक्वेन्सी त्यांच्यावर ठरायची. माझ्या पहिल्या सेटला एका चॅनेलसाठी दोन क्रिस्टल लागायचे. त्यात ट्रान्समिटला क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी बारापट व्हायची, म्हणजे १४५.५०० साठी १२.१२५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. रिसीव्हला आयएफ (रिसीव्हरच्या आतली मधली फ्रिक्वेन्सी) १०.७, म्हणून १४५.५ मधून १०.७ वजा करून १३४.८ आणि त्याला तीनने भागून ४४.९३३३. ऑर्डर द्यायची, वाट बघायची, आला की कॉइल ट्यून करत बसायचं. १९६० च्या दशकात अमेरिकेत हॅम लोकांनी एफएम सुरू केलं तेच मुळात टॅक्सी आणि पोलिसांच्या गाड्यांतून निघालेल्या सेटवर. नंतर पुन्हा एक लाट आली, १ जानेवारी २०१३ पासून तिथे १५०-१७४ आणि ४२१-४७० मधल्या कमर्शियल वापरकर्त्यांना १२.५ किलोहर्ट्झचे अरुंद चॅनेल सक्तीचे झाले आणि रुंद चॅनेलचे चांगले चालणारे सेट भंगारच्या भावात निघाले.

विषयांतर झालं, पण यातलं एक तुमच्या कामाचं आहे. तुमचा सेट २५ किलोहर्ट्झवाला आहे की १२.५ वाला ते बघा. रुंद सेटचं डेव्हिएशन (आवाजाने फ्रिक्वेन्सी जेवढी हलते ते) ५ किलोहर्ट्झपर्यंत जातं, अरुंदचं २.५. अशा जुन्या सेटमध्ये ही रुंदी आतल्या आयएफ फिल्टरने ठरते, सॉफ्टवेअरमधल्या एका टिकने बदलत नाही. अरुंद सेटवर रुंद स्टेशन ऐकलं तर शब्द फाटल्यासारखे येतात, अरुंद सेटवरून रुंद स्टेशनशी बोललात तर तुमचा आवाज समोरच्याला विहिरीतून आल्यासारखा बारीक.

धागाकर्ता:
अपडेट. एका ओळखीच्यांच्या माळ्यावर जुना लॅपटॉप मिळाला, बॅटरी मेलेली पण ९ पिनांचा पोर्ट शाबूत. डॉस फ्लॉपीवरून बूट केला (फ्लॉपीचा तो कर्रर्र आवाज किती वर्षांनी ऐकला!) आणि आरआयबीची बॅटरी बघितली तर ६ व्होल्ट. म्हणजे आधीची निम्मी एरर माझ्याच आळशीपणाची होती. नवी बॅटरी टाकली, सेट पहिल्या फटक्यात वाचला, कोडप्लग दोन फ्लॉप्यांवर ठेवला.

आता नवीन भानगड. व्हीएचएफ सेट १४६ ते १७४ वाला निघाला, २५ किलोहर्ट्झचा. १४५.५०० टाकलं की सॉफ्टवेअर म्हणतं रेंजच्या बाहेर. अर्ध्या मेगाहर्ट्झसाठी अडलंय!

४८६_अजून_चालू:
ती मर्यादा सॉफ्टवेअरची आहे, सेटची नेमकी तिथेच संपते असं नाही. लोक सॉफ्टवेअरच्या मॉडेल डेटा फाइलमधली खालची मर्यादा हेक्स एडिटरने बदलतात, फाइलची मूळ प्रत बाजूला ठेवून. माझा असाच सेट १४५ च्या वर व्यवस्थित लॉक होतो, १४४ च्या तळाशी गेलो की थंडीत कधीकधी सुटतो. तुमचा कुठे सुटतो ते तुम्हालाच बघावं लागेल. रिपीटरची शिफ्ट ६०० किलोहर्ट्झ धरली तर ट्रान्समिट अजून खाली जातो, त्यामुळे ती फ्रिक्वेन्सी वेगळी तपासा. सेट पूर्ण गार असताना एकदा आणि अर्धा तास तापल्यावर एकदा.

सोल्डरताई:
शिवाय पॉवर थोडी कमी ठेवा, हे मोबाइल सेट सतत ट्रान्समिटसाठी नसतात, दोन मिनिटं बोललात की मागची हीटसिंक हात लावून बघा. अँटेनाचं सॉकेट मिनी यूएचएफ आहे, नेहमीचा पीएल-२५९ बसणार नाही, जोर लावू नका, अ‍ॅडॉप्टर घ्या.

धागाकर्ता:
झालं! १४५.५०० वर लॉक, रिपीटरच्या इनपुटवर पण लॉक, डमी लोडवर दोन्ही तपासलं, गार आणि गरम. रिपीटर आधी उघडेना, मग लक्षात आलं ८८.५ हर्ट्झचा टोन (रिपीटर उघडायला आवाजासोबत पाठवावा लागणारा) टाकायचाच राहिलाय. टोन टाकला, रिपीटर उघडला, पहिल्याच क्यूएसओत (संभाषणात) मी रंगात येऊन माझ्या सेटची सगळी कहाणी सांगत होतो आणि समोरचे म्हणाले तुम्ही मध्येच गायब झालात. टाइमआउट टायमर ६० सेकंदांवर होता, आधीच्या मालकाने टाकलेला. तो वाढवणार होतो, पण समोरचे म्हणाले राहू दे, बरंय तेवढं 😀

यूएचएफवाला पण वाचला, तो ४३८-४७० चा आहे. ४३१ वर लॉक होतो का ते या आठवड्यात बघून इथेच लिहितो, सोल्डरताई डमी लोड लावूनच.